जुनं घड्याळ: धुवायचं काय, राखायचं काय

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत ओसरीच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ अजून दिसतं, बहुतेक बंद पडलेलं. घर रंगवायला काढलं की प्रश्न येतो: चकाचक करून घ्यायचं, की आहे तसं राहू द्यायचं?

ही घड्याळं आली कापसामागून. अमेरिकेतल्या यादवीत (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडी कापसाला भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा निघाला. पुढच्या काही दशकांत देशमुख, सावकार, अडते यांच्या घरांत अमेरिकेची अँसोनिया आणि सेथ थॉमस, जर्मनीची युंगहान्स, मग जपानची सेइकोशा अशी घड्याळं लागली. रेल्वे तेव्हा मद्रासच्या वेळेवर धावायची. भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला.

१८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कलावंताने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली चर्चच्या भिंती खरवडल्या जात होत्या, त्याला त्याचा विरोध होता. रोजची निगा राखा, पण काळाने चढवलेलं पुसू नका, हे त्याचं म्हणणं. १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने, आणखी एक मर्यादा घातली: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. हा विचार इमारतींसाठी मांडलेला, पण घड्याळांनाही तो लागू पडतो. अर्धाच लागू पडतो, असं मला वाटतं, कारण भिंत नुसती उभी असते आणि घड्याळ चालतं.

चाकांच्या पोलादी आसांची टोकं पितळी पट्ट्यांच्या भोकांत फिरतात. तिथलं तेल वर्षांनी चिकट होतं, त्यात धूळ बसते, जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या) गावात रुईचे तंतूही. धुळीचे कण मऊ पितळेत रुततात आणि पोलादालाच कापत राहतात. असं घड्याळ चावी देऊन चालवत ठेवणं म्हणजे त्याला रोज थोडं झिजवणं. बंद ठेवलं तर झीज होत नाही. चालवायचं असेल तर यंत्र उघडून धुतलंच पाहिजे. तो मळ म्हणजे इतिहास नव्हे.

पण धुणं वेगळं आणि चमकवणं वेगळं. अमोनियाच्या द्रावणात पितळ झळझळतं खरं, पण ताण असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात. हे हिंदुस्थानातच दिसून आलं होतं: पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण आहे, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं.

लाकडी पेटीचंही तसंच. तिच्यावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं, आणि लाख आपल्याकडे पळसावर होते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सुतार जुन्याच थरावर हलका हात फिरवू शकतो. पॉलिश पेपरने घासून मेलामाइनचं आधुनिक पॉलिश मारलं की तो थर कायमचा गेला. तबकडीवर तर ओलं फडकंही नको. तिचा कागद किंवा रंग त्यातच उतरतो. आतलं कारखान्याचं लेबल आणि पट्टीवर जुन्या घडीसाजाने कोरलेली दुरुस्तीची तारीख, दोन्ही राहू द्यावं.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र वेगळ्याच सोयीने होतं: मूळ यंत्र काढून सेलवर चालणारं क्वार्ट्ज बसवायचं आणि जुनं भंगारात द्यायचं. क्वार्ट्ज बसवलंच असेल, तर काढलेलं यंत्र, लंबक आणि चावी एका पिशवीत बांधून पेटीसोबतच ठेवावी. म्हणजे पुढच्या पिढीला ते परत बसवता येईल.