चौथं औषध लिहिण्याआधी

"फिट आली तेव्हा डोळे उघडे होते की मिटलेले?"

आई गोंधळते. दातखीळ बसली होती ते तिने पाहिलंय, तोंडाला फेस आला तो पाहिलाय, शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाशी धरला तेही आठवतंय. डोळ्यांकडे बघायचं कुणाला सुचतं? पण समोरचे डॉक्टर तिथेच अडून बसलेत. मान आधी कुठल्या बाजूला वळली? कुठला हात ताठ झाला? शुद्धीवर आल्यावर लगेच बोलला, की बराच वेळ शब्दच सापडेनात? अकरा वर्षांची जाडजूड फाइल टेबलावर पडून आहे. तीन औषधं चालू आहेत, तरी महिन्याला चार-पाच फिट येतातच. मोठ्या डॉक्टरांनी एखादं भारी औषध लिहून द्यावं, एवढीच घरच्यांची अपेक्षा. आणि डॉक्टर अर्धा तास झाला तरी पेन उचलायला तयार नाहीत.

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, ओपीडीत असा संवाद नेहमीचा. हे काम करणाऱ्या डॉक्टरांना एपिलेप्टॉलॉजिस्ट म्हणतात. आधी मेंदूविकारतज्ज्ञ व्हायचं आणि मग त्यातही फक्त फिटचा अभ्यास करायचा, असा हा लांबचा रस्ता. त्यांच्याकडे कुठलं गुप्त औषध नसतं. त्यांची खरी विद्या म्हणजे आधीच्या प्रत्येक निष्कर्षावर पुन्हा शंका घेणं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदनांतून बोलतात. काही संदेश समोरच्या पेशीला उचकवतात, काही तिला गप्प करतात, आणि या दोहोंच्या तोलावर आपलं चालणं, बोलणं, आठवणं चालू असतं. एखाद्या जागी हा तोल सुटला की तिथल्या असंख्य पेशी एकाच ठेक्यात धडधडू लागतात. ती फिट. बरीचशी औषधं दोनपैकी एक काम करतात: पेशींच्या भिंतीतल्या सोडियमच्या वाटा अडवून धडधडीचा वेग आवरतात, नाहीतर गाबा नावाच्या शांतवणाऱ्या रसायनाला बळ देतात. (फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. त्या वेळी नाकाशी जे असेल, कांदा म्हणा, चप्पल म्हणा, त्याला फुकटचं श्रेय मिळतं.)

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतल्या बहुतेकांचं साध्या औषधांवर भागतं. प्रश्न उरलेल्यांचा. ग्लासगोच्या पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पूर्वी कधीच औषध न घेतलेले ४७० रुग्ण होते. पहिल्याच औषधाने त्यांतल्या ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी १४ टक्क्यांच्या. दोन औषधं एकत्र देऊन जेमतेम ३ टक्क्यांच्या. एकूण ६४ टक्के. पहिली दोन हरली की पुढच्या औषधाकडून ठेवायची आशा अशी झपाट्याने आटत जाते. म्हणूनच २०१० साली अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या ठरवली: योग्य निवडलेली, योग्य मात्रेत घेतलेली, रुग्णाला सोसलेली दोन औषधं देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार. दहा नव्हे, पाचही नव्हे, दोन. २०१८ साली ग्लासगोहूनच १७९५ रुग्णांचा नवा हिशेब आला. मधल्या काळात कितीतरी नवी औषधं बाजारात आली होती. तरी फिटमुक्त झालेल्यांचं प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपासच होतं. नव्या गोळ्यांचे दुष्परिणाम कमी असतील, हट्टी फिटपुढे मात्र त्यांनी फार मोठा पराक्रम केलेला नाही.

या व्याख्येतल्या 'योग्य' या शब्दात तज्ज्ञाचं निम्मं काम दडलेलं आहे.

एक उदाहरण घ्या. कॉलेजात जाणारी मुलगी, परीक्षेच्या दिवसांत जागरण, सकाळी बाथरूममध्ये फिट. तिला कार्बामॅझेपिन सुरू होतं, एरवी अगदी चांगलं औषध. फिट वाढतात. मात्रा वाढते, फिट आणखी वाढतात. मग कुणीतरी विचारतं, "सकाळी उठल्यावर हात झटकन उडतो का गं? चहाचा कप सांडतो, टूथब्रश फेकला जातो, असं होतं?" ती म्हणते, "हो, पण ते तर मी वेंधळी आहे म्हणून." ते वेंधळेपण नसतं. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका विशिष्ट अपस्माराची ती खूण असते, आणि त्या प्रकारात कार्बामॅझेपिनने हे झटके वाढू शकतात. अशा वेळी हट्टी आजार नसतो, औषध चुकलेलं असतं. बाळांमध्ये दिसणाऱ्या ड्राव्हे सिंड्रोमची गत आणखी बिकट. त्यात सोडियमच्या वाटांचा एक जीनच बहुधा बिघडलेला असतो, त्यामुळे त्याच वाटा अडवणारं औषध म्हणजे आगीत तेल.

मग येतो गोळ्या खरंच पोटात जातात का, हा प्रश्न. तो विचारायला नाजूकपणा लागतो. कुणी उपासाच्या दिवशी गोळी टाळतो, कुणी 'बरं वाटतंय' म्हणून, कुणाला पगाराआधीचा आठवडा परवडत नाही. सासरी कळू नये म्हणून मुलगी गोळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवते आणि निम्म्या दिवशी तिला एकांतच मिळत नाही. हिंदू विवाह कायद्यात १९९९ पर्यंत अपस्मार हा लग्नाच्या वैधतेला बाधा आणणाऱ्या गोष्टींमध्ये मोजला जात होता. कायदा सुधारला, पण पत्रिका जुळवणाऱ्यांपर्यंत ही सुधारणा पोचलेली नाही.

आणि मूळ शंका: ही फिट आहे तरी का? अपस्माराच्या मोठ्या फिटमध्ये डोळे सहसा उघडे असतात. ते सबंध वेळ घट्ट मिटलेले असतील, मान 'नाही-नाही' म्हटल्यासारखी हलत असेल, झटके मध्येच थांबून पुन्हा सुरू होत असतील, तर ते मनावरच्या ताणातून येणारे झटके असू शकतात. एका खुणेवरून निवाडा करता येत नाही, पण संशय घ्यायला ती पुरते. हे सोंग नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. त्या माणसालाही ते आवरत नाहीत. पण त्यांच्यावर अपस्माराची गोळी चालत नाही, मानसोपचार चालतो. अशा माणसाने दहा वर्षं तीन-तीन गोळ्या खाल्ल्या असतील, तर दुष्परिणाम तेवढे त्याच्या वाट्याला आले.

शंका फिटते ती व्हिडिओ ईईजीच्या खोलीत, म्हणजे मेंदूतली वीज आणि रुग्णाचा व्हिडिओ जिथे एकाच वेळी टिपतात तिथे. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली, ती युक्ती अजून तीच आहे. डोक्यावर लेप लावून वीसेक तारा चिकटवतात, वर पट्ट्यांचा फेटा बांधतात, कॅमेरा रात्रंदिवस चालू. आणि मग घरच्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट होते: डॉक्टर औषधं कमी करतात. फिट यावी म्हणून. इतकी वर्षं 'आज नको रे देवा' म्हणणारी आई इथे फिटची वाट बघत बसते. चार-चार दिवस येत नाही, आणि आई नेमकी डबा आणायला खाली गेली की येते.

फिट सुरू झाली की बटण दाबायचं. सिस्टर धावत येतात. कुशीवर वळवणं, ऑक्सिजन वगैरे असतंच, पण त्या प्रश्नही विचारू लागतात. नाव काय? हात वर करा. 'पिवळी छत्री', लक्षात ठेवा हं. शुद्धीवर आल्यावर विचारतात, कुठली वस्तू सांगितली होती? निर्दय वाटतं, पण मेंदूचा कुठला भाग कधी बंद पडला आणि कधी जागा झाला, हे यातूनच कळतं.

नंतर तो व्हिडिओ डॉक्टर पुन्हा पुन्हा पाहतात, मागे नेऊन, थांबवून. आम्ही क्रिकेटमधला रनआउट बघतो तसा. कानाजवळच्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून उठणाऱ्या फिटचा क्रम ठरीव असतो. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं. मग नजर हरवते, तोंड चघळल्यासारखं हलू लागतं. एक हात शर्टाचं बटण चाचपडतो आणि दुसरा वाकडा होऊन ताठरतो. ताठरलेला हात डावा असेल, तर बिघाड बहुधा उजव्या मेंदूत. संपल्यावर माणूस ज्या हाताने नाक पुसतो, तो हात बहुतेकदा बिघाडाच्याच बाजूचा. फिटमध्ये स्पष्ट बोलता आलं, तर भाषेची बाजू बहुधा वाचलेली. लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकात, कुठलंही यंत्र हाताशी नसताना, झटका अंगठ्यापासून हाताकडे आणि चेहऱ्याकडे कसा सरकतो हे नुसतं पाहून मेंदूत शरीराचा नकाशा असणार हे ओळखलं होतं.

म्हणून घरात कुणाला फिट येत असेल, तर आधी त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठा. आणि दुसरं माणूस जवळ असेल तर त्याला मोबाइलवर शूटिंग करायला सांगा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं. वाटतं तेवढं ते दुष्टपणाचं नाही. खिशातला हा पुरावा कित्येकदा जाड फाइलपेक्षा जास्त बोलतो.

एमआरआयचंही तसंच. 'नॉर्मल' असा शेरा मारलेला एमआरआय तज्ज्ञ पुन्हा करायला लावतात, पातळ काप घेऊन, हिप्पोकॅम्पसच्या तिरप्या रेषेला काटकोनात. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोड्याच्या आकाराचा, आठवणी साठवण्यात मदत करणारा भाग. तो एका बाजूला आकसून घट्ट झालेला सापडला की डॉक्टर विचारतात, "लहानपणी तापात आकडी आली होती का, बराच वेळ चाललेली?" आणि आजी म्हणते, "आली होती की, वर्षाचा होता तेव्हा." मधली दहा-बारा वर्षं काही नाही आणि मग फिट सुरू, हा क्रम पाठ्यपुस्तकात शोभावा असा.

व्हिडिओ, ईईजी आणि एमआरआय तिघांनी एकाच जागेकडे बोट दाखवलं, तर तो भाग काढता येतो. ही कल्पना नवी नाही. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी लंडनला २५ मे १८८६ रोजी एका बावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतला जुन्या इजेचा वण काढला होता. आपल्याकडे वेल्लोरला जेकब चांडी यांनी १९५२ साली अशी शस्त्रक्रिया केली. ते माँट्रियलला नामवंत मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आले होते. पुढे बराच काळ हे काम रेंगाळलं. १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांच्या चमूने ते परदेशाच्या मानाने कितीतरी कमी खर्चात नियमित सुरू केलं. आता मुंबई-पुण्यातही होतं.

दिल्लीच्या एम्समधली २०१७ सालची चाचणी मला फार बोलकी वाटते. औषधांना न जुमानणारा अपस्मार असलेली ११६ मुलं. ५७ जणांवर लगेच शस्त्रक्रिया, ५९ जण औषधांवर, शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षा यादीत. वर्षानंतर पहिल्या गटातली ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती, दुसऱ्यातली ७ टक्के. किंमतही लपवलेली नाही: शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी एकतृतीयांश मुलांना गंभीर त्रास झाला, बहुतेकांना एका बाजूचा अशक्तपणा, आणि काही शस्त्रक्रियांत तो येणार हे आधीच माहीत असतं. पालकांशी होणाऱ्या बैठका त्यामुळेच लांबतात. दुसरी भीती स्मरणशक्तीची. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले गेले. फिट कमी झाल्या, पण २००८ साली मरेपर्यंत त्याला नवी आठवण जवळपास साठवताच आली नाही. आज शस्त्रक्रियेआधी स्मृती आणि भाषेच्या तासन्‌तास परीक्षा होतात, त्यामागे हा माणूस आहे.

सगळ्यांना शस्त्रक्रिया जमत नाही. फिट दोन-तीन जागांहून उठत असतील किंवा नेमक्या बोलण्याच्या केंद्रातून उठत असतील, तर सुरी थांबते. मग मानेतल्या व्हेगस नसेला ठरावीक अंतराने हलकी वीज देणारं यंत्र असतं. लहान मुलांसाठी कीटोजेनिक आहार असतो, १९२१ पासून माहीत असलेला. त्यात चार भाग स्निग्धांश आणि एक भाग बाकी सगळं. पोळी-भात जवळपास बंद, आणि तूप, लोणी, साय, खोबरं वजनकाट्यावर मोजून. शेजारचं लेकरू बिस्किट खात असताना हे पाळायला लावणारी आई हीच त्या उपचाराची खरी डॉक्टर.

आणि हे सगळं चालू असताना डॉक्टर आणखी एक काम करतात, ज्याची बातमी होत नाही. ते चिठ्ठीवरची नावं खोडतात. वर्षानुवर्षं एकावर एक साचलेल्या गोळ्यांमुळे मूल वर्गात पेंगतं, हिरड्या सुजतात, चाल अडखळते, आणि फिट तर चालूच असतात. फिनोबार्बिटोनसारखं जुनं औषध एकदम तोडलं तर फिटचा लोंढा येतो, म्हणून पाव-पाव गोळी करत कित्येक महिने जातात. अकरा वर्षांची फाइल घेऊन आलेली आई अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर येते तेव्हा तिच्या हातात व्हिडिओ ईईजीची तारीख असते आणि तीनपैकी एका गोळीपुढे 'दर पंधरा दिवसांनी पाव कमी' असं लिहिलेलं असतं. कॉरिडॉरमध्येच ती मेडिकलवाल्याला फोन लावते, पाव गोळी कापायची कशी ते विचारायला.