४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९७: फरक दोनाचा

चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे. इथपर्यंत दोन्ही संख्या सारख्याच. पुढे एकीत पंच्याण्णव, दुसरीत सत्त्याण्णव. मधोमध २ चा ३२ वा घात बसला आहे. त्यातून १ वजा केला की पहिली, त्यात १ मिळवला की दुसरी. ३२ बिटांत, म्हणजे संगणकातल्या ०-१ च्या ३२ घरांत, मावणारी सर्वांत मोठी संख्या ती पहिली, फ्रेंच गणितज्ञ फर्माच्या नावाची संख्या ती दुसरी. या दोघींची अदलाबदल मी बरेचदा पाहिली आहे.

पहिलीचे अवयव कागदावर सहज पडतात. २ चा ३२ वा घात म्हणजे ६५५३६ चा वर्ग. वर्गातून १ गेला की उरतं ६५५३५ × ६५५३७. ६५५३५ म्हणजे २५५ × २५७, २५५ म्हणजे १५ × १७, आणि १५ म्हणजे ३ × ५. हाती आले ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या, एकही दोनदा नाही.

आता हेच पाच आकडे फर्माच्या बाजूने पाहा. २ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की नेमके हेच येतात. पाचही मूळ, म्हणून पुढच्या सगळ्याही मूळच असणार, असं फर्माला १६४० च्या सुमारास वाटलं. पुढची सहावी संख्या म्हणजे आपली सत्त्याण्णववाली. गोल्डबाख या गणितज्ञाने १७२९ मध्ये पत्रातून ऑयलर या गणितज्ञाचं लक्ष या दाव्याकडे वेधलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने तो मोडला: ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

६४१ कुठून आला? या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरते. म्हणजे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात काम फत्ते! भागाकार न करताही हे पटवता येतं, आणि मला तीच रीत फार आवडते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी उणे १. चौथा घात घेतला की ६२५ × (२ चा २८ वा घात) याची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी उणे १६ चालतं. १६ म्हणजे २ चा ४ था घात, तेव्हा उणे (२ चा ३२ वा घात) याची बाकी १. त्यामुळे २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की बाकी शून्य.

भूमितीत मात्र पंच्याण्णववालीच सरस. गणितज्ञ गाउसने १८०१ च्या ग्रंथात दाखवलं की फर्माच्या रांगेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येते. विषम बाजूंसाठी दुसरा मार्ग नाही, हे वांट्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. वरच्या पाच संख्यांपलीकडे अशी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही, म्हणून अशी काढता येणारी, विषम बाजूंची आज माहीत असलेली सर्वांत मोठी सुसम आकृती ४२९४९६७२९५ बाजूंची. तिला आणखी दोन बाजू द्या, की पट्टी-कंपास हतबल: ६४१ मूळ आहे, पण फर्माच्या रांगेतला नाही.