साडेचारशे वॅटचं लेबल

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यातला वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये तो १९२ वॅटचा झाला. पुढे आपल्याकडे असेंबल्ड पीसीचा जमाना आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॅबिनेट घेतलं की आत एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बसवलेलाच मिळायचा आणि त्यावर ठळक छापलेलं असायचं: ४५० वॅट. यंत्राची भूक वाढली तसा आकडा वाढला, ते ठीकच. पण वाटेत कुठेतरी लेबलवरचा आकडा आणि डब्यातला माल यांची फारकत झाली.

मुळात एसएमपीएसचं तंत्र वजन आणि उष्णता कमी करण्यासाठी घरगुती संगणकात आलं. आधी लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असायचा. १९७७ च्या ॲपल टू मध्ये रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा पुरवठा बसवला. घरातल्या २३० व्होल्टचा आधी सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी करायचा, तो सेकंदाला हजारो वेळा तोडायचा, मग इवल्याशा ट्रान्सफॉर्मरवर काम भागतं. मात्र यामुळे ३२५ व्होल्ट आणि मदरबोर्डचे ५ व्होल्ट एकाच छोट्या सर्किट बोर्डवर शेजारी राहायला आले. दोघांमध्ये मोकळी पट्टी सोडावी लागते. स्वस्त मालात तीच पट्टी अरुंद होते.

मोठं वळण १९९५ चं. इंटेलने एटीएक्स आणलं, म्हणजे कॅबिनेट, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा यांची नवी प्रमाण रचना. त्याआधी एटी कॅबिनेटचं बटण सरळ वीजच तोडायचं. एटीएक्समध्ये मदरबोर्ड एसएमपीएसला जागं करतो, म्हणून ५ व्होल्टचं एक छोटं स्टँडबाय सर्किट कायम चालू राहतं. संगणक बंद असला तरी, रात्रभर. स्वस्त एसएमपीएसमध्ये ते अनेकदा दोन ट्रान्झिस्टर आणि एका लहानशा कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग, आत द्रावण असतं) भागवलेलं असायचं. उष्णतेने तो कपॅसिटर वाळला की ५ व्होल्टचा ताबा सुटतो, दाब चढतो आणि थेट मदरबोर्डवर जातो. आमच्या घरी असंच झालं होतं. रात्री नीट बंद केलेला पीसी सकाळी उठलाच नाही. मेकॅनिक म्हणाला, ‘मदरबोर्ड गेला.’ नवा मदरबोर्ड आला, एसएमपीएस तोच राहिला, आणि काही महिन्यांत दुसरा बोर्डही गेला. कितीतरी घरांनी अशी चुकीच्या भागाची किंमत मोजली असेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच सुमारास कपॅसिटरचंच संकट आलं. साधारण १९९९ पासून पुढची काही वर्षं, मुख्यतः तैवानमध्ये बनलेल्या कपॅसिटरमधलं द्रावण सदोष निघालं. डोकी फुगायची, तपकिरी द्रव बाहेर यायचा. नामांकित कंपन्यांचे संगणकही त्यातून सुटले नाहीत. बरा कपॅसिटर १०५ अंशांसाठी बनवलेला असतो, हलका ८५ साठी. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्या एप्रिल-मेमध्ये, धुळीने भरलेल्या पंख्यामागे, हा फरक वर्षांचा ठरतो.

लेबलचा घोळ मात्र २००० नंतर खरा वाढला. पेंटियम ४ पासून प्रोसेसर आपली वीज ५ ऐवजी १२ व्होल्टवरून घेऊ लागला, त्यासाठी चार पिनांची वेगळी जोडणी आली. स्वस्त कारखान्यांनी आतली रचना जुनीच ठेवली, ३.३ आणि ५ व्होल्टवर भर देणारी, आणि सगळ्यांची बेरीज करून, वर थोडी चढवूनही, वॅट छापले. २००४ साली सुरू झालेल्या ८० प्लस योजनेने कार्यक्षमता तपासायला सुरुवात केली, पण कॅबिनेटसोबत येणारा डबा त्या परीक्षेला बसलाच नाही.

असा एक डबा आणि एक चांगला पुरवठा मी शेजारी उघडे पाहिले आहेत. (घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.) वीज आत शिरते तिथे विजेतला गोंगाट गाळणारी कॉइल हवी. स्वस्त बोर्डवर तिची जागा छापलेली होती, नावासकट, आणि तिथे कॉइलऐवजी तारेचा एक तुकडा डाखलेला होता. शेजारच्या कपॅसिटरची भोकं रिकामी. मुख्य कपॅसिटर करंगळीएवढे. वीज गेल्यावर यूपीएस जागा होईपर्यंतचे काही मिलिसेकंद हेच तग धरतात. एटीएक्सच्या तेव्हाच्या नियमांत पूर्ण भाराला सुमारे १६ मिलिसेकंदांची अपेक्षा होती. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज जाताच पीसी रीस्टार्ट व्हायचा आणि दोष यूपीएसवर जायचा, त्यामागे बऱ्याचदा हे होतं.

मागचं ते लाल बटणही आठवत असेल, ११५ आणि २३० लिहिलेलं. झाडताना चुकून ११५ वर सरकलं की आपल्या २३० व्होल्टवर आतले कपॅसिटर दुप्पट दाबाखाली येतात आणि धडाम आवाज होतो. चांगल्या पुरवठ्यांतून ते बटण केव्हाच गेलं.

आमच्या त्या जुन्या एसएमपीएसचं लेबल मी जपून ठेवलं आहे. वर ४५० वॅट. खाली, बारीक अक्षरात, १२ व्होल्टच्या रकान्यात १४ ॲम्पिअर. गुणाकार केला तर १६८ वॅट.