मॅजिक कार्पेट: इंग्लिश लोकगीत, सतार आणि मुंबईचा तबला

मॅजिक कार्पेट या लंडनच्या बँडची पहिली रेकॉर्ड १९७२ साली निघाली. वाजवणारे चौघेच. भारतात तालीम घेतलेला ब्रिटिश सतारवादक, दोन गिटारी (त्यांतली एक गायिकेच्याच हातात) आणि तबल्यावर मुंबईचे केशव साठे. गायिका सोडून बाकीचे तिघे त्याआधी ‘सरगम’ या नावानं एकत्र वाजवत होते. बँड फार टिकला नाही. रेकॉर्ड मात्र दुर्मीळ झाली, संग्राहक तिच्यासाठी चढे पैसे मोजू लागले, नव्वदच्या दशकात सीडी निघाली आणि १९९६ साली गायिका व सतारवादकानं मिळून दुसरी रेकॉर्डही केली. आता दुकानात ती पहिली रेकॉर्ड ‘अॅसिड फोक’च्या, म्हणजे नशेच्या गुंगीतल्या लोकसंगीताच्या, खान्यात सापडते. हे नाव संग्राहकांनी मागाहून दिलेलं आहे आणि त्यानं या संगीताचं नुकसानच केलं आहे. सतार म्हणजे नशेचा धूर, असा समज घेऊन ऐकायला बसलं की इंग्लिश लोकगीत आणि राग एकत्र नांदवायचे कसे, हा या चौघांनी सोडवायला घेतलेला खरा प्रश्न कानावर पडतच नाही.

तो प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा आहे. १९०३ मध्ये सॉमरसेटमध्ये एका संग्राहकानं एका माळ्याच्या तोंडून गाणं ऐकून टिपून घेतलं आणि तिथून इंग्लंडच्या गावोगावची गाणी गोळा करण्याचं मोठं काम सुरू झालं. १९०७ साली त्यानं पुस्तक लिहून सांगितलं की यांतली बरीच गाणी मेजर-मायनरमध्ये (पाश्चात्त्य संगीताच्या शुद्ध आणि कोमल गंधाराच्या दोन सप्तकांमध्ये) बसत नाहीत, जुन्या ‘मोड’मध्ये, म्हणजे जुन्या स्वरसप्तकांमध्ये, आहेत: डोरियन, मिक्सोलिडियन, एओलियन. त्याच सुमारास, १९१० पासून, मुंबईत वकिली केलेल्या पंडित भातखंड्यांची थाटांची (सात स्वरांच्या ज्या साच्यांत राग वाटले जातात त्यांची) मांडणी छापून येऊ लागली. दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. पण दोन्ही तक्ते शेजारी ठेवले तर डोरियन म्हणजे काफी, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज आणि एओलियन म्हणजे आसावरी, असं स्वरास स्वर जुळतं. पुढच्या सगळ्या प्रयोगांना धीर दिला तो या जुळणीनं, आणि सगळ्यांची दिशाभूल केली तीही तिनंच.

मधली चाळीस वर्षं इथे सोडून देतो. १९४६ मध्ये लंडनमध्ये एक भारतीय गृहस्थ आणि त्यांची इंग्रज पत्नी यांनी आशियाई संगीतासाठी संस्था काढली. आपले मोठे वादक पन्नाशीच्या दशकात लंडनला जाऊ लागले, तेव्हा तिथल्या श्रोत्यांची तयारी या संस्थेनं करून ठेवली होती. १९६६ च्या ‘लव्ह यू टू’ या बीटल्सच्या गाण्यात तबला वाजला तो याच संस्थेच्या ओळखीतून, आणि त्या तबलावादकाचं आडनावही मराठीच. साठे तर १९६६ पासूनच्या इंडो-जॅझ रेकॉर्डांवर होतेच. १९६७ साली जर्मनीत युरोपीय जॅझ वादकांबरोबर झालेल्या ध्वनिमुद्रणातही त्यांचा तबला आहे.

लोकगीतांच्या बाजूनं दार उघडलं ते मात्र भारतातून नाही, मोरोक्कोतून. एका इंग्लिश गिटारवादकाला तिथे ऊद या अरबी तंतुवाद्याबरोबर वाजवायचं होतं. तारांच्या नेहमीच्या लावणीत, म्हणजे सूर जुळवण्याच्या पद्धतीत, गिटार ऊदशी जमेना, म्हणून त्यानं तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावल्या. आपल्या भाषेत सा-प-सा-म-प-सा. या लावणीत गंधार नाही! गंधार नाही म्हणजे गिटार मोकळी छेडली तरी ती मेजरही बोलत नाही आणि मायनरही. ती तंबोऱ्यासारखी नुसती षड्ज-मध्यम-पंचमात गुंजत राहते आणि वर कोणताही गंधार लावायला मोकळीक राहते. साठच्या दशकाच्या आरंभी हे झालं आणि काही वर्षांतच लंडनच्या फोक क्लबांमध्ये ही लावणी सर्वांच्या हाती आली.

आता वादाचा मुद्दा. मोड आणि थाट जुळतात हे खरं, पण थाट गाता येत नाही, राग गावा लागतो. ‘स्कारबरो फेअर’ हे सर्वांच्या कानातलं गाणं घ्या. पहिली ओळ पंचमावरून उतरते ती रे ग रे सा अशी. दुसऱ्या ओळीत प नि सां, नि प ध म प. गंधार-निषाद कोमल, धैवत शुद्ध. तक्त्याप्रमाणे काफी थाट. मग राग कोणता? भीमपलासी म्हणावं तर आरोहात वर्ज्य असलेला रिषभ इथे सरळ ‘रे ग’ करत चढतो. बागेश्री म्हणावं तर पंचमावर एवढा मुक्काम तिला चालणार नाही. उरतो काफीच, पण काफी गाणारा या सुरांना जो लडिवाळपणा देईल त्याचा इंग्लिश गाण्यात मागमूस नाही. तिथला सूर सरळ लागतो आणि सरळ सोडला जातो, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही. म्हणजे स्वर तेच असून चलन, स्वर फिरवण्याची रीत, वेगळं. सतारवादकानं या गाण्यावर काफीचे आलाप घेतले तर ते शेजारच्या घरात चाललेलं गाणं वाटतं. घेतले नाहीत तर सतार घेतलीच कशाला?

याहून अवघड गाठ कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरगुच्छांची. याच गाण्याला गिटारवादक सवयीनं डी मायनर आणि सी असे दोन कॉर्ड आळीपाळीनं लावतो. सी वाजला की क्षणभर कोमल निषादच षड्ज असल्याचा भास होतो. इंग्लिश कानाला हा झोका सुखाचा आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं. त्या वेळच्या बहुतेक बँडांनी यावर तोड काढली नाही. १९६९ मध्ये पेंटँगल या नामवंत बँडच्या एका गिटारवादकानं दोन गाण्यांत स्वतःच सतार वाजवली. ती सुरेख ऐकू येते, पण गिटारचे कॉर्ड जिथे होते तिथेच आहेत आणि सतार वरून वेलबुट्टी काढते.

मॅजिक कार्पेटनं कॉर्डचा सोस कमी केला. गायिकेची गिटार मोडच्या लावणीत असे, तिच्या मोकळ्या तारा घुमत राहत, आणि सतारीला उभं राहायला षड्ज मिळे. गाणी तिचीच होती, पारंपरिक नव्हती. पण चाली गावाकडच्या गाण्यांच्या वळणाच्या, गळा सरळ, हरकती जवळजवळ नाहीत. याच रेकॉर्डवर ‘रागा’ अशा सरळ नावाचा एक स्वतंत्र वाद्यतुकडाही ठेवला आहे. पुष्कळांना ही माघार वाटते: मिश्रण करायला निघालात, मग राग वेगळा कशाला काढून ठेवला? मला तो या रेकॉर्डवरचा सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो. गाण्याच्या तीन-चार मिनिटांत राग उलगडत नाही हे त्यांनी मान्य केलं आणि त्याला त्याची जागा दिली. दुसऱ्या एका तुकड्याचं नावच साठ्यांच्या नावावरून ‘टेक अवे केश’ असं आहे.

साठ्यांचं पुढचं काम या वादाला वेगळंच वळण देतं. १९६९ साली सतार हाती घेणाऱ्या त्याच गिटारवादकानं सत्तरच्या दशकात स्वतःचा समूह काढला, तेव्हा त्यानं सतार घेतली नाही. त्यानं साठ्यांना घेतलं. १९७७ च्या ‘अ मेड इन बेडलम’ या रेकॉर्डवर गिटार, फिडल, बासरी-ओबो, स्त्रीस्वर आणि तबला आहे. गाणी ‘जॉन बार्लीकॉर्न’, ‘ब्लॅक वॉटरसाइड’ अशी अस्सल इंग्लिश-आयरिश परंपरेतली. रागाचा प्रश्नच उरला नाही, कारण तबल्याला कॉर्डशी भांडण नाही. ड्रम्स असते तर ही नाजूक वाद्यं दबून गेली असती. तबला लावलेल्या सुरात बोलतो, बायाचा (डग्ग्याचा) घुमारा खर्जाची जागा भरतो आणि शब्द स्वच्छ ऐकू येतात. हा समूह १९८० च्या दशकात शिरला, अमेरिकेत गेला, १९८१ च्या तिथल्या मैफलीची रेकॉर्डही निघाली आणि तबला शेवटपर्यंत राहिला. केशव साठे २०१२ साली गेले. इंग्लिश फोकच्या इतिहासात त्यांचं नाव बहुधा वादकांच्या यादीच्या शेवटी येतं, आणि हे अन्यायाचं आहे.

त्यानंतरची पिढी ब्रिटनमध्येच जन्मली. १९८२ मध्ये मॉन्सून या बँडचं ‘एव्हर सो लोनली’ ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच्या भारतीय वंशाच्या गायिकेनं दहा वर्षांनी वाद्यं जवळपास बाजूला ठेवली आणि नुसत्या अखंड षड्जावर भारतीय आणि ब्रिटिश-आयरिश सुरावटी एकाच गळ्यातून गायल्या. कॉर्डच नाहीत, त्यामुळे भांडणही नाही. १९७२ चा प्रश्न सर्वांत स्वच्छ सुटला तो इथे.

२००७ मध्ये ‘द इमॅजिन्ड व्हिलेज’ या मोठ्या समूहानं उलटा रस्ता धरला: जुन्या पिढीचे इंग्लिश लोकगायक, सतार, पंजाबी ढोल आणि इलेक्ट्रॉनिक ठेका एकत्र. त्यांच्या ‘कोल्ड हेली रेनी नाइट’ला पुढच्या वर्षी ब्रिटनमधला पारंपरिक गाण्याचा मानाचा पुरस्कार मिळाला. या समूहाची भूमिका उघडपणे सामाजिक होती. इंग्लंडचं गाव आज कुणाचं, हा प्रश्न त्यांना गाण्यातून विचारायचा होता आणि त्यासाठी ढोलाचा दणका योग्यच होता. पण यंत्राचा ठेका एकदा लावला की लय हलत नाही, आणि सतारवादिकेला आलाप घ्यायला फुरसत उरते ती गाण्याच्या सुरुवातीला आणि दोन कडव्यांच्या मध्ये.