जीमॅटच्या क्वांटमधले फॅक्टोरियल आणि पॅटर्नचे प्रश्न: बॅच सुरू व्हायच्या आधी एवढं वाचून या

नवीन बॅचला ॲडमिशन घेतलेल्या आणि घेऊ का नको अशा विचारात असलेल्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे. फी आणि बॅचच्या वेळा ऑफिसातल्या बोर्डावर लावल्यात, इथे एकाच गोष्टीबद्दल लिहितोय कारण पहिल्या आठवड्यात पोरं-पोरी हमखास इथेच अडकतात.

जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा, तिच्यातल्या क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, ४५ मिनिटांत २१ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद, आणि कॅल्क्युलेटर मिळत नाही. अशा वेळी ३०! (३० फॅक्टोरियल, म्हणजे १ ते ३० सगळ्या संख्यांचा गुणाकार) दिसल्यावर कोणी १ गुणिले २ गुणिले ३ करत बसलं की वेळ गेलाच, कारण ती संख्या ३३ अंकी आहे. पेपर काढणाऱ्याला ती संख्या नकोच असते हो, तिच्या पोटात कुठली मूळ संख्या किती वेळा बसलीय ते तुम्हाला मोजता येतं का एवढंच त्याला बघायचं असतं.

आता १००! च्या शेवटी शून्यं किती? शून्य येतं १० मुळे, १० म्हणजे २ आणि ५ ची जोडी, २ ढीगभर असतात आणि ५ कमी पडतात, म्हणून फक्त ५ मोजायचे. १०० ला ५ ने भागलं की २०, त्या २० ला परत ५ ने भागलं की ४, एकूण २४. परत का भागायचं? कारण २५, ५०, ७५ आणि १०० मध्ये ५ दोन-दोनदा आहे आणि पहिल्या फेरीत तो एकेकदाच मोजला गेलाय. याला लजांद्रचं सूत्र म्हणतात, पण नाव पाठ नसलं तरी चालेल, ही दुसरी फेरी कशासाठी ते मात्र डोक्यात पक्कं पाहिजे.

खरी गोची पुढे आहे. ३०! ला १२ च्या जास्तीत जास्त कितव्या घाताने पूर्ण भाग जातो? बऱ्याच जणांनी कुठेतरी ऐकलेलं असतं की मोठी मूळ संख्या मोजा की झालं, मग ते ३ मोजतात, दर फेरीला ३ ने भागून बाकी सोडून देत, १० अधिक ३ अधिक १, आणि १४ वर टिक करून मोकळे होतात. चूक! १२ म्हणजे दोन २ आणि एक ३. मिसळीच्या प्लेटसारखं बघा, एका प्लेटला दोन पाव आणि एक वाटी मिसळ. ३०! मध्ये पाव, म्हणजे २, आहेत १५ अधिक ७ अधिक ३ अधिक १, एकूण २६. वाट्या १४. मग प्लेटा किती लागतील? १३ च, चौदावी वाटी पावाविना पडून राहणार. म्हणून आमच्याकडे दोन्ही मोजल्याशिवाय उत्तर लिहू देत नाही, दहा सेकंद जास्त जातात पण मार्क जात नाही.

बेरीज आली तर आधी कॉमन काढा. ८! + १०! म्हणजे ८! गुणिले ९१, आणि ९१ म्हणजे ७ गुणिले १३, म्हणून सगळ्यात मोठा मूळ अवयव १३. कॉमन न काढता नुसतं बघून ७ लिहिणारे दर वेळी असतात.

पॅटर्नचे प्रश्न त्यामानाने सोपे. ७ च्या घातांचा शेवटचा अंक ७, ९, ३, १ असा चारच्या चक्रात फिरतो, म्हणून घातांकाला ४ ने भागून बाकी बघायची, घातांक २०२६ असला तर बाकी २, उत्तर ९. फक्त बाकी शून्य आली की चक्रातला शेवटचा अंक घ्यायचा, पहिला नाही, इथे भलेभले फसतात. आणि १! पासून १००! पर्यंतच्या बेरजेचा शेवटचा अंक विचारला तर घाबरू नका, ५! पासून पुढे सगळ्यांच्या शेवटी शून्यच आहे, पहिल्या चारांची बेरीज ३३, म्हणून ३.

पहिल्या दिवशी येताना एक गणित घरी करून आणा: ५०! ला २४ च्या कितव्या घातापर्यंत पूर्ण भाग जातो. उत्तर १५ आहे, आत्ताच सांगून टाकतो, आम्हाला तुमचा रफचा कागद बघायचाय, त्यामुळे खाडाखोड असली तरी तोच आणा, फेअर करू नका.