पुरचुंडीचा शेक

तापवलेला कोरडा पदार्थ सुती कापडात बांधून दुखऱ्या किंवा गारठलेल्या अंगाला ऊब देण्याची घरगुती रीत. मुंबईतील मराठी घरांत यासाठी मुख्यतः खडेमीठ, वाळू व ओवा वापरतात. तांदळाची शिवलेली पिशवी ही अलीकडची भर आहे.

उगमाबाबत दोन मते दिसतात. एका मतानुसार ही रीत आयुर्वेदातील स्वेदनविधीतून, म्हणजे शेकून घाम आणण्याच्या उपचारातून, घरोघरी आली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात स्वेदनाचे 13 प्रकार सांगितले असून, त्यांतील संकरस्वेदात कापडात गुंडाळलेल्या अथवा उघड्या पिंडांनी, म्हणजे गोळ्यांनी, शेकायला सांगितले आहे. सुश्रुताने तापस्वेदाच्या, म्हणजे तापवलेल्या वस्तूने द्यायच्या कोरड्या शेकाच्या, साधनांत तळहात, कांस्य, खापर, वाळू व वस्त्र यांचा उल्लेख केला आहे. चरकसंहितेचा काळ सामान्यतः इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक धरतात. तथापि उपलब्ध पाठावर दृढबल या नंतरच्या संपादकाचा संस्कार असल्याने एखाद्या विधीचा काळ त्यावरून नेमका ठरवता येत नाही. दुसऱ्या मतानुसार लोकांत आधीच रूढ असलेले उपचार ग्रंथकारांनी वर्गवारी करून नोंदवले. ग्रंथांतील साधने चुलीपाशी व अंगणात सहज मिळणारी आहेत, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मिठाच्या पुरचुंडीचा प्रश्न यात वेगळा काढावा लागतो. चरकाने वरील पिंडांच्या शेकासाठी (पिंडस्वेदासाठी) वाळू, धूळ, दगड, शेणी, लोखंड ही द्रव्ये सांगितली. मीठ तेथे नाही. ते येते उपनाहात, म्हणजे गहू-जवाच्या पिठाच्या लेपात. त्यामुळे कोरड्या मिठाचा शेक ही किनारपट्टीवरील स्वतंत्र रीत असण्याची शक्यता आहे. वडाळा, भांडुप, मुलुंड, भाईंदर येथील मिठागरांमुळे मुंबई परिसरात खडेमीठ मुबलक होते, ही गोष्टही त्याला पूरक ठरते.

मुंबईच्या दमट हवेत मीठ तापवणे जरा जपून करावे लागते. 25° से. तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही पाणी धरू लागते. मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्याने ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओलावते. पावसाळ्यात बरणीतले मीठ चिकट होते ते यामुळेच. शिवाय खड्यांच्या आत समुद्रजलाचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. तवा तापला की त्यांची वाफ होऊन खडे तडतडत फुटतात व उडतात. म्हणून लोखंडी तव्यावर मीठ मंद आंचेवर घालतात, तडतड थांबेपर्यंत उलथन्याने हलवतात आणि मगच मांजरपाटाच्या किंवा जुन्या धोतराच्या दुहेरी तुकड्यात बांधतात. नायलॉन, टेरिकॉट यांसारखे कापड गरम खड्यांनी वितळते.

तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या मानाने मीठ व वाळू सुमारे एकपंचमांश उष्णता साठवतात. त्यामुळे पुरचुंडी लवकर निवते व दोन करून आलटून-पालटून वापरणे सोयीचे पडते. रबरी पिशवीतले पाणी अधिक वेळ गरम राहते, पण सांध्याच्या खळग्यात मिठासारखे बसत नाही. तांदळाच्या दाण्यात 12-14 टक्के ओलावा असतो. तापताना तो सुटून शेक किंचित ओलसर होतो. मायक्रोवेव्हमध्ये तांदूळ तापतो तो मुख्यतः याच ओलाव्यामुळे, म्हणून वारंवार वापरून कोरडे पडलेले दाणे करपू शकतात.

मुंबईतील नोंदलेले नीचांकी तापमान 7.4° से. असून ते 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझ येथे होते. एरवी येथील थंडी सौम्य, तेव्हा शेक घेतला जातो तो बहुधा कंबरदुखी, मासिक पाळीतील पोटदुखी व सर्दीसाठी. ओव्याच्या पुरचुंडीतून थायमॉल या ओव्यातील उग्र द्रव्याचा वास येतो. ती छातीला कपड्यावरूनच टेकवतात. चाळींत पूर्वी बाळंतिणीला कोळशाच्या शेगडीचा शेक देत. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो, म्हणून ती पद्धत टाळणेच योग्य.

त्वचेचे तापमान 44° से. राहिल्यास सुमारे सहा तासांत, तर 60° से. झाल्यास काही सेकंदांतच भाजण्याइतकी इजा होते, असे मॉरित्झ व हेन्रिक्स या संशोधकांच्या 1947 च्या प्रयोगांतून दिसले. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांना चटका कळत नाही, आणि तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. या दोघांना पुरचुंडी लावू नये. ताज्या मुरगळीवर व सुजेवरही शेक देत नाहीत.