सिलिकॉन लावू नका, गळती आहे तशीच आणा

आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या वर्कशॉपला दर आठवड्याला एकतरी फोन येतोच, "इनटेक मॅनिफोल्ड हवा खेचतंय, तात्पुरतं बुजवलंय, उद्या आणू का?" आणि 'तात्पुरतं बुजवलंय' ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो, कारण आता दीड दिवसाचं काम तीन दिवसांवर जाणार हे तिथेच कळतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, गाडी आणायच्या आधी पाच मिनिटं काढून वाचा, तुमचेही पैसे वाचतील आणि आमचाही वेळ.

ज्यांच्याकडे जुनी कॅम्पर व्हॅन आहे त्यांना मॅनिफोल्ड म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी एवढंच, की कार्ब्युरेटरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण इंजिनच्या सिलेंडरांकडे नेणारी धातूची फाटे असलेली नळी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. आमच्याकडे जास्त करून फोक्सवॅगनच्या कॉम्बी येतात, कधीतरी मॉरिस जे-टू सारखी जुनी ब्रिटिश व्हॅन येते (तिच्यात १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन, म्हणजे आपल्या अॅम्बॅसेडरचंच भावंड, त्यामुळे ती गाडी आली की आमचे जुने मिस्त्री खुश), आणि घरी बेड-ओटा बसवून कॅम्पर केलेल्या मॅटेडोर तर असतातच. गाडी कुठलीही असो, तक्रार ठरलेली. आयडलिंगला रेस वरखाली होते, कधी आपोआप चढलेली राहते, मिसिंग मारते, कार्ब्युरेटरमधून फट् करून आवाज येतो, आणि आयडलचा मिक्श्चर स्क्रू आत-बाहेर कितीही फिरवा, इंजिनला काही फरकच पडत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कसारा घाट तर मस्त चढली, मग द्वारका चौकात सिग्नलला बंद का पडते?" यात नवल काहीच नाही. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतं, तेव्हा मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम सगळ्यात जास्त, आणि मग केसाएवढ्या फटीतूनही हवा आत ओढली जाते, पेट्रोल मात्र तेवढंच, म्हणून मिश्रण पातळ होतं आणि गाडी मरते. घाट चढताना पाय पूर्ण दाबलेला, व्हॅक्यूम कमी, तीच फट तेव्हा जाणवतही नाही. पण जाणवत नाही म्हणजे नाही असं नसतं. सपाट हायवेवर अर्ध्या पायाने दोन-दोन तास चाललात की ते पातळ मिश्रण इंजिन तापवत राहतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या कॉम्बीच्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला मग वेळ लागत नाही. वीस रुपयांच्या पॅकिंगपायी हेड खाली उतरवलेले लोक आम्ही पाहिलेत.

व्हॅक्यूम गेजचं (मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम मोजायचं काट्याचं मीटर) पण एक सांगून ठेवतो, कारण हल्ली बरेच जण ऑनलाइन गेज मागवतात आणि घाबरून फोन करतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की चांगल्या इंजिनला आयडलला १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवायला पाहिजे, ते समुद्रसपाटीचं आहे. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, दर हजार फुटाला एक इंच कमी धरा, म्हणजे आपल्याकडे दोन इंच तसेच गेले. १६-१७ वर काटा स्थिर असेल तर शांत झोपा. काटा थरथरत असेल किंवा १२-१३ च्या वर जातच नसेल तर या. (इग्निशनचं टायमिंग मागे असलं तरी काटा खाली दिसतो, तेही आम्ही बघून घेतो.)

आता मूळ मुद्दा, सिलिकॉन, म्हणजे फट बुजवायला ट्यूबमधून लावतात ते. रेडिएटरला, ऑइल संपला, टॅपेट कव्हरला लावा, आमची काही हरकत नाही. इनटेकला नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि तुकड्या-तुकड्याने सुटतं, आणि मॅनिफोल्डच्या आत सुटलेल्या वस्तूला जायला एकच रस्ता असतो, तो म्हणजे व्हॉल्व्हकडे. मागच्या हिवाळ्यात एक पांढरी-हिरवी कॉम्बी आली होती, मालक म्हणाले थोडंसंच लावलंय दादा, बोटाने. मॅनिफोल्ड उघडलं तर पोर्टच्या आतल्या कडेला निळ्या सिलिकॉनची शेवई लोंबत होती, चांगली वीतभर, आणि तिचं टोक तुटलेलं. तुटलेला तुकडा शोधण्यात आमचा अख्खा दिवस गेला, सापडला तो इनटेक व्हॉल्व्हच्या मानेला चिकटून काळा झालेला. तेवढ्या दिवसाचे पैसे लावायला आम्हालाच कसंतरी वाटलं, पण लावले, कारण दुसऱ्या तिघांची कामं त्या दिवशी पुढे गेली.

आणि वेल्डिंगचं तर विचारूच नका. अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला चीर असेल तर आम्ही आर्गन मारतो, म्हणजे आर्गन वायू सोडत केलेलं वेल्डिंग. त्याला धातू एकदम स्वच्छ लागतो. चिरेत सिलिकॉन किंवा एमसील घुसलेली असली की टॉर्च लावल्याबरोबर धूर, काळा मळ आणि वेल्डमध्ये जाळीसारखी भोकं. मग ते सगळं घासायचं, चीर व्ही आकारात परत खोदायची, भट्टीत तापवून आतलं जुनं तेल बाहेर काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एमसील पाण्याच्या टाकीला नंबर एक, आमच्या घरच्या टाकीलाही लावलीये. अगदी अडलातच, त्र्यंबकच्या पुढे कुठे जंगलात आहात आणि घरी पोचायचंच आहे, तर ओल्या चिंधीचं किंवा टेपचं वेटोळं बाहेरून गुंडाळा आणि हळूहळू या. गुंडाळलेलं आम्ही एका मिनिटात सोडवतो. एक्झॉस्ट जवळ असेल तर मात्र तेही करू नका, टोइंग मागवा. आणि फट शोधायला पेट्रोल शिंपडू नका हो, गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधणारे शूर लोक अजूनही आहेत. आम्ही मॅनिफोल्ड काढून तोंडं बंद करतो, दोन-तीन पीएसआय हवा भरतो आणि साबणाचं पाणी लावतो, बुडबुडा जिथे येतो तिथे खडूने खूण. साधा प्रकार आहे पण फसवत नाही.

"मॅनिफोल्ड एवढंसं, दीड दिवस कशाला लागतो?" याचं उत्तर. बिडाचं असेल तर आधी सावकाश तापवायचं, निकेलच्या रॉडने थोडं थोडं टाकायचं, मग चुन्यात गाडून रात्रभर गार होऊ द्यायचं. घाई केली की वेल्डच्या शेजारी टिक् असा बारीक आवाज येतो आणि नवीन चीर तयार, तो आवाज ज्याने ऐकलाय तो परत घाई करत नाही. वेल्डिंगने फ्लँज (हेडला टेकणारी सपाट कड) थोडा वाकतोच, म्हणून दुसऱ्या दिवशी सरळपट्टी आणि फीलर गेज लावून बघतो, चार थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वर फट दिसली तर फेस मारतो, म्हणजे मशीनवर सपाट करतो. काही जण म्हणतात अमुक ठिकाणी तासाभरात करून देतात. देत असतील. आमच्याकडे त्यातली काही परत येतात, एवढंच आम्हाला माहीत आहे.

बी-सीरिजवाल्यांनी (अॅम्बॅसेडरवाल्यांनीसुद्धा) इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही आणायचं, नुसतं इनटेक नाही. त्या इंजिनात दोन्ही हेडच्या एकाच बाजूला बसतात आणि पॅकिंग सलग एकच असतं, त्यामुळे दोघांचे फ्लँज एका पातळीत नसले की एक घट्ट बसतं आणि दुसरं हवा खेचतं, मग तुम्ही नट आवळत राहता आणि शेवटी स्टड तुटतो. हेडमध्ये अडकलेला तुटका स्टड काढणं हे वेगळं काम आहे, त्याचं बिलही वेगळं. आम्ही दोन्ही एकत्र बांधून एकाच वेळी फेस करतो, नट पितळी देतो म्हणजे पुढच्या वेळी गंजून जाम होत नाहीत, आणि गाडी दोनदा गरम-गार झाली की परत एकदा नट तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही, फक्त गाडी थंड असताना सकाळी आणा.

कॉम्बीच्या ड्युअल पोर्ट इंजिनात (प्रत्येक हेडला दोन इनटेक पोर्ट असलेल्या) मधलं मॅनिफोल्ड आणि दोन्ही बाजूचे तुकडे रबरी बुटांनी जोडलेले असतात. हे बूट वरून छान काळे दिसतात, क्लॅम्प सैल करून अंगठ्याने वाकवले की खालच्या बाजूला भेगाच भेगा. आताच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुनं रबर लवकर जातं असा आमचा अनुभव आहे, शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण आधीच थोडं पातळ, त्यात ही गळती. म्हणून गाडी उघडली की बूट आम्ही न विचारता बदलतो, स्टॉक ठेवलेला असतो, दोन्ही मिळून हॉटेलात चौघांच्या मिसळीएवढेही होत नाहीत. आणि त्या मॅनिफोल्डखालून जाणारी एक्झॉस्टची बारीक नळी कार्बनने बंद झालेली असते ती मोकळी करून घ्या, निफाडकडे थंडीत पारा सहा-सात अंशांवर येतो तेव्हा सकाळी मॅनिफोल्डवर दव गोठतं आणि गाडी दोन किलोमीटरवर गचके खाते, त्याचं कारण तीच नळी. ती फारच चोंदली असेल तर आम्हीच सांगतो की रिपेअरवर खर्च करू नका, नवीन मॅनिफोल्ड मागवू. तसं सांगण्यात आमचं मजुरीचं नुकसानच आहे, तरी सांगतो.

डिझेल मॅटेडोरवाल्यांचं म्हणणं असतं की आमच्यात कार्ब्युरेटरच नाही, थोडी गळली तर काय बिघडतं. गळती एअर फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये असेल तर धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते आणि रिंगा-लायनर खाते, द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यावर एक सीझन फिरून बघा, मग ऑइल पिण्याचं प्रमाण बघा.

घरीच मॅनिफोल्ड काढून आणणार असाल तर नट-वॉशर पिशवीत घालून आणा, जुनं पॅकिंग फाटलेलं असलं तरी फेकू नका (त्यावरूनच नवीन कापतो, आणि कुठे काळं पडलंय त्यावरून गळती कुठे होती तेही कळतं), पोर्टमध्ये स्वच्छ फडकं कोंबून ठेवा म्हणजे आत नट पडणार नाही, फक्त फडकं मोठं घ्या, बसवताना आत विसरण्याइतकं छोटं नको. कार्ब्युरेटरही सोबत आणा. गळती लपवायला कोणीतरी जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा घातलेला असतो किंवा आयडलचा मिक्श्चर स्क्रू गरजेपेक्षा जास्त उघडलेला असतो, गळती बंद झाली की तीच गाडी काळा धूर सोडते आणि मग लोक म्हणतात तुमच्याकडून आणल्यापासून बिघडली. सेटिंग आम्ही इथेच करून देतो, त्यासाठी गाडी आणलीत तर उत्तमच. शनिवारी बंद. आर्गनवाला मंगळवारी आणि शुक्रवारी असतो, तेव्हा अॅल्युमिनियमचं काम असेल तर सोमवारी किंवा गुरुवारी संध्याकाळपर्यंत टाकून जा.